पैठणची बस आणि दहा पावलं

खिल्लारे सरांच्या वर्गात मी पहिल्यांदा शिरले तीच वीस मिनिटं उशिरा. चितेगावहून शहरात कॉलेजला यायचं म्हणजे पैठणकडून येणाऱ्या बसची वाट बघायची, आणि ती बस म्हणजे आपल्या मर्जीची मालकीण. दारात उभी राहून मी कसंबसं म्हणाले, "बस... लेट... सर." वर्ग खो खो हसला. सर हसले नाहीत. त्यांनी खडू खाली ठेवला, डोळे मिटले, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाले, "द बस फ्रॉम पैठण नेव्हर कम्स ऑन टाइम. दहा अक्षरं, पाच ठोके. एकदम मापात बसलं की गं! आता हेच म्हणत बाकापर्यंत ये. पहिलं पाऊल हलकं, दुसरं जड." मी लाजून मेले, पण चालले. दहाव्या पावलाला बाकाशी पोचले. इंग्रजीतलं सबंध वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले, ते असं चालत.

मी बसले तशी सर म्हणाले, "ए चितेगाव, गोष्ट अर्धीच राहिली. बस आली नाय, मग पुढं काय झालं? दुसरी ओळ उद्या आण." विद्यार्थ्यांना गावाच्या नावानं हाक मारायची ही त्यांची सवय. वर्गात एक हर्सूल होता, दोन बजाजनगर होती. दुसरी ओळ काही मी आणली नाही, उद्याही नाही आणि परवाही नाही. पुढे जिथं भेटतील तिथं ते विचारायचे, "चितेगाव, पुढची ओळ?" माझ्या लग्नात अक्षता टाकून झाल्यावर स्टेजवर येऊन, नवऱ्यादेखत हेच विचारलं!

त्याच सरांना मागच्या वर्षी पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली. हजारो पोरांना चालायला लावणारा माणूस हर्सूलमधल्या आपल्या घरात खाटेला खिळला. त्याची गोष्ट सांगायचीच आहे, पण आधी सर कोण ते कळायला हवं.

सर ब्लँक व्हर्स शिकवायचे. म्हणजे शिकवायचे बाकीचंही, पण जीव तिथं. इंग्रजीतली मोठमोठी नाटकं या छंदात, लांबच लांब काव्यं याच छंदात. यमक नाही, पण माप पक्कं. परीक्षेत कुणी त्याला मुक्तछंद म्हटलं की सर पेपर हातात घेऊन वर्गभर फिरायचे. "यमक नाय म्हणून मोकाट सुटलं व्हय रे? बैल दावणीला नसंल, पण चालतो तर नांगराच्या तासातूनच ना!" मग विचारायचे, "माणूस बोलतो कसा? भाजीत मीठ कमी पडलं तर बायकोला काय यमक जुळवून सांगतो का? नाटकातला राजासुद्धा माणूसच हाय. त्याला बोलू द्यायचं, फक्त श्वासाला माप द्यायचं." आणि मग अख्खा वर्ग व्हरांड्यात. हलकं जड, हलकं जड, पाच वेळा. दुसऱ्या विभागाचे प्राध्यापक चहाचा कप घेऊन बघत उभे राहायचे आणि म्हणायचे, "निघाली खिल्लारेंची पलटण." सर त्यांनाही रांगेत बोलवायचे.

ओळीच्या शेवटाशी आम्ही हमखास अडखळायचो. लहानपणापासून कानावर यमक पडलेलं. शिवाय आमच्या शहरात मुशायऱ्याचा नाद, ओळ संपली की दाद द्यायला मान आपोआप तयार. सर ओरडायचे, "थांबू नका! ओळ संपली, बोलणं नाय संपलं. कडेला यायचं, खाली बघायचं आन् पाय पुढं टाकायचा."

एकदा मी विचारलं, "सर, हे चालायचं तुम्हाला कुणी शिकवलं?" ते म्हणाले, "शाळा चार मैल लांब. आई मजुरीला, घरी पुस्तक उघडायला जागा नाय. रस्त्यानंच वाचायचो. एक मास्तर म्हणाले, तुमच्या लोकांच्या जिभेवर इंग्रजी बसायची नाय. मी म्हणलं, नसंल बसत. पायात बसवतो." एवढं सांगून ते हसले. मला मात्र त्या मास्तरांचा आजही संताप येतो.

दुसऱ्या वर्षी मी इंग्रजी सोडायचं ठरवलं होतं. सर म्हणाले, "गॅदरिंगपर्यंत थांब. मग खुशाल जा." गॅदरिंगला एका इंग्रजी नाटकातल्या राणीचं भाषण मला दिलं. तीसेक ओळी. चार ओळी झाल्या आणि मागून कुणीतरी ओरडलं, "अरे मॅडम, काफिया किधर गया?" सगळं सभागृह हसलं. यमकाची वाट बघून बिचारे कंटाळले होते! माझी तर वाचाच बसली. समोर बघते तर पहिल्या रांगेतले सर उठलेत आणि मधल्या वाटेनं दाराकडे निघालेत. मला वाटलं, संपलं, माझ्यामुळे यांचीही लाज गेली. मग लक्षात आलं, चाल ओळखीची आहे. हलकं जड, हलकं जड. दहा पावलं झाली की वळत होते, पुन्हा चालत होते. मी त्या पाठमोऱ्या माणसाकडे बघत पुढची ओळ उचलली आणि शेवटपर्यंत थांबले नाही.

टाळी पडली नाही. लोक नुसते गप्प बसले होते. मी रडवेली होऊन खाली आले तर सर खूष! "टाळी वाजवायचं विसरले म्हणजे ऐकत होते, येडे. आता जायचं तर जा." मी कुठली जाते? आज मी स्वतः एका कॉलेजात इंग्रजी शिकवते. माझं घर, माझी नोकरी, चारचौघांत मान वर करून बोलायची माझी हिंमत, हे सगळं त्यांचं देणं आहे. हे त्यांना कधी तोंडानं सांगितलं नाही, म्हणून इथं सांगते.

तर, झटक्यानंतरचं. फिजिओथेरपीच्या बाई रोज यायच्या. पायात ताकद आली होती, पण सर खाटेपुढे पाऊल टाकेनात. उभे राहायचे, थरथरायचे, बसायचे. बाईंनी सरांच्या पत्नीला, काकूंना, स्पष्ट सांगितलं, "आता चालले नाहीत तर कायमचं अंथरूण धरतील." त्या रविवारी मी गेले तेव्हा काकू स्वयंपाकघरात डोळे पुसत होत्या. सर मला म्हणाले, अडखळत, "झालं आता, चितेगाव. आपली ओळ संपली."

मला रागच आला. म्हटलं, "सर, उठा. दुसऱ्यांना बरं सांगता येतं!" मी त्यांना काखेत हात घालून उभं केलं. खाटेपासून उंबरठ्यापर्यंतचं अंतर बघितलं आणि सुरू केलं, "द बस फ्रॉम पैठण..." सर दचकले. मग म्हणाले, "थांब. उजव्यानं सुरू कर. तो आजारी हाय, त्याला हलकं दे." पुन्हा पहिल्यापासून. उजवा हलका, डावा जड. पाऊल वीतभरच पडत होतं, पण पडत होतं. 'टाइम' या शब्दाला आम्ही उंबरठ्याशी पोचलो आणि मी थांबले. ओळच संपली होती.

सरांनी माझ्याकडे बघितलं. ओठ वाकडा झाला होता, तरी हसू ओळखू आलं. "चितेगाव," ते म्हणाले, "पुढची ओळ?"

इतकी वर्षं सुचली नव्हती. त्यांचं सगळं वजन माझ्या खांद्यावर, पलीकडे काकू पदर तोंडाशी धरून उभ्या. मी म्हटलं, "बट आय हॅव कम, सर. लिफ्ट युअर फूट अँड वॉक."

सर जागचे हलले नाहीत. डाव्या हाताची बोटं माझ्या मनगटावर एकेक टेकत गेली. मोजत होते! मी श्वास रोखून उभी, परीक्षेला बसल्यासारखी.

"दहा," ते म्हणाले. "भरली."

आणि त्यांनी उजवा पाय उचलून उंबरठ्यापलीकडे टाकला.