खुडूक कोंबडीखाली पैलवानाचा हात

मंगळवार पेठेतल्या आमच्या बोळात कुणी काही सांगायला लागलं, की दुसरा त्याला अडवतो, "थांब, त्याच्या आधीचं सांग की." त्याच्या आधीचं म्हणजे कायम हसिनाखालाची कोंबडी. सत्तर-बहात्तर सालातली.

खालाची लेक कागलला दिलेली, पहिलटकरीण. बाळंतपणात तिला घरच्याच कोंबडीचा रस्सा पाजायचा, हे खालानं ठरवलेलं. पण आदल्या खेपेची अंडी सगळी नासली. आता एकच कोंबडी उरलेली, ती खुडूक होऊन बुट्टीत अंड्यांवर बसली होती. पिल्लं निघून बाळंतपणापर्यंत वाढली तरच रस्सा! बोळात नुसता कर्फ्यू. खोकायचं असलं तरी आम्ही कोपऱ्यावर जाऊन खोकायचो.

* * *

वळवाचे दिवस. ढग गडगडला की अंडी नासतात, म्हणून बुट्टीत लोखंडी खिळा ठेवायची रीत. खालानं शिरपा पैलवानाला खिळा आणायला सांगितलं. मी गंभीर तोंड करून त्याला म्हटलं, "गगनबावड्याकडनं येणाऱ्या गडगडाटाला खिळा पुरत न्हाय, शिरपा."

पठ्ठ्या पहार घेऊन आला.

खाला म्हणाली, "आता ही कोंबडीवर ठेवतोस, का माझ्या डोक्यात घालतोस?"

* * *

हा शिरपा तालमीत भल्याभल्यांना लोळवायचा. पण ती कोंबडी पिसं फुलवून गुरगुरली, की पोट आत घेऊन भिंतीला घासत जायचा.

"लाज न्हाय वाटत व्हय?" मी विचारलं.

"तिचा डावच कळत न्हाय, बापू. पट काढायचा तर धरायला पाय दिसायला नकोत?"

* * *

मग ती दुपार आली. कोंबडी किंचाळत बुट्टीतनं उडाली ती थेट माळ्यावर. खालानं सापाची शेपटी बुट्टीमागं सरकताना बघितली. बुट्टी अंधाऱ्या कोपऱ्यात, वर कोंबडीनं उधळलेल्या गवताचा ढीग. साप आत शिरला का पळाला, कुणाला ठाऊक? आम्ही सगळे दारात. थट्टा सोडा, मी शिरपाच्या पाठीआड.

"अंडी गार पडतील रं," खाला रडायला लागली. "आजच निघायची हुती."

कोण पुढं होईना. शेवटी शिरपानं डोळे गच्च मिटले आणि साप हाय का चाचपायला कोपरापर्यंत हात गवतात घातला.

"काय लागतंय?" मी विचारलं.

"गोल हाय... गोलच हाय." मग त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "खाला, हलतंय."

"हात काढ," मी ओरडलो.

"काढू नकोस," खाला म्हणाली. "अंड्यांस्नी धक्का लागंल."

शिरपा तसाच वाकून उभा. घामाच्या धारा. मानसुद्धा हलवेना.

एवढ्यात गवतातनं बारीक आवाज आला. चिव. मग आणखी एक. खाला मटकन खालीच बसली.

शिरपानं डोळे उघडले नव्हते. हळूच विचारलं, "खाला, साप असा वरडतो व्हय?"