उंद्रीची आठ अंडी

मलकापूरहून उंद्रीला निघाले ती अंडी आणायला. नवरा म्हणाला, "अंडी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात." त्याच्याशी वाद घातला असता तर बस चुकली असती. ही अंडी वायनडॉट कोंबडीची होती, आणि त्यातही तांबड्या पिसाला निळसर किनार असलेल्या दुर्मिळ रंगाची. चंदेरी किनारीचे वायनडॉट शोधले तर सापडतात, पण हा रंग मी फक्त उंद्रीच्या अण्णांकडे पाहिला. आमची ओळख कोंबड्यांमुळेच झालेली. अण्णा दिवाळीत गेले. नंतर बऱ्याच कोंबड्या रोगात गेल्या, उरलेली जोडी रानमांजरानं नेली. मग काकूंचा, म्हणजे अण्णांच्या बायकोचा, फोन आला. "मांजरानं न्यायच्या आधीचे आठ अंडे हायेत, घेऊन जाय." मी "उद्या येते" म्हटलं आणि फोन ठेवला.

मलकापूर ते खामगाव एसटी मिळत राहते, बायकांना अर्धं तिकीट. खामगावला बदलून चिखलीकडची गाडी धरा. स्टँडवरचा आलुबोंडा गरम असेल तरच घ्या; माझा नव्हता. पुढे दोन्ही बाजूंना हरभरा सोंगलेली रानं, आणि खिडकीतून सतत धूळ. रुमाल जवळ ठेवा.

काकू माळकरी. अण्णांचा नाद त्यांनी आयुष्यभर शेतातल्या शेडपुरता ठेवला, अंडं घरात येऊ दिलं नाही. आणि आता ओसरीत बाजेवर धुतलेला टॉवेल, त्यावर आठ अंडी. लख्ख, अजून ओली.

"धुतले काय काकू?"

"हाव. लय घाण होती त्यायले. गरम पाण्यानं चांगले घासले. एवढ्या दुरून आली तू, तशेच कशे देऊ?" गळ्यातल्या माळेला हात लावत त्या हळूच म्हणाल्या, "जन्मात हात नव्हता लावला, बाई. पण अण्णाचा कोंबडा कुठी तरी आरवला पाह्यजे."

उबवायचं अंडं धुवायचं नसतं. कवचावरचा थर निघून जातो आणि आत जंतू शिरतात. हे मला अण्णांनीच शिकवलं होतं. मी म्हटलं, "छान झालीत काकू." काकूंनी पिठलं-भाकर वाढली, पैशाचा विषय काढू दिला नाही.

परतीला गव्हाच्या भुशात अंडी, डबा मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "काय हाय ताई, एवढं जपून राह्यल्या?" मी अंडी म्हटल्यावर तो दोन पावलं लांबच उभा राहिला.

घरी खुडूक बसलेली गावरान कोंबडी तयार होती. तिच्याखाली अंडी ठेवली. आठवड्यानं टॉर्च लावून पाहिलं तर दोन अंड्यांत शिरा दिसल्या, आणि मी एकटीच हसत बसले. पुढे त्यांनाही वास यायला लागला. सगळी अंडी परसात पुरली. फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

काकूंचा फोन आलाच. "निघाले काय पिल्लं?"

"नाही काकू. कोंबडी मधूनच उठली."

"मेली, तिले काय समजते," काकू कोंबडीवर चिडल्या. मग म्हणाल्या, "मी तं एकेक अंडं इतकं चांगलं धुऊन देल्लं होतं."

ती कोंबडी तीन आठवडे दाण्यापुरतीच उठत होती. अजूनही रिकाम्या टोपलीत जाऊन बसते.

तुम्ही उबवणीची अंडी आणायला कुठेही जाणार असाल, तर आदल्या दिवशी फोन करून एवढंच सांगा, की धुऊ नका. माझ्याकडे नंबर होता, फोनही झाला होता. मी "उद्या येते" म्हटलं आणि ठेवला.