पंचवीस किलोची रॅकेट

शुद्धलेखन चुकलं असेल, अक्षरही कोंबडीचे पाय आहे. माफी असावी. चौथीनंतर पेन्सिल सुटली ती सुटलीच.

"सेन्योरा, हे काय?" हुलियानने रॅकेट काउंटरवर ठेवली.

हुलियान स्पेनचा. टेनिसवर पोट भरणारा, पण पेपरात फोटो येणाऱ्यांपैकी नव्हे. टेक्सासच्या आमच्या क्लबात स्पर्धा होती. नाव नसलेल्या खेळाडूंना आधी क्वालिफायिंगच्या तीन मॅच जिंकाव्या लागतात, मगच खरी स्पर्धा. त्याने दोन जिंकल्या होत्या. तिसरी पाऊण तासावर आली होती. "हरलो तर टेनिस बंद. वडिलांची बेकरी," असं तो आदल्या दिवशी म्हणाला होता.

मी तिथल्या दुकानात स्ट्रिंगर होते, म्हणजे रॅकेटला तारा विणणारी. माहेरी बाजा विणायचे, त्यामुळे एक वर, एक खाली हे बोटांना ठाऊक. शिवाय मशीनशी बोलावं लागत नाही.

तार किती ताणायची, त्याला टेन्शन म्हणतात. हुलियानच्या चिठ्ठीवर नुसतं २५ होतं. आमचं मशीन पाउंडाचं. मी काटा पंचवीसवर लावला. विणताना बोटं सांगत होती, ही तर झोळ पडलेली बाज. पण लिहिलेलं मोडायचं कसं? विचारायचं तर इंग्रजीत विचारावं लागणार. मी तशीच विणत गेले.

मालक वॉल्टने तारा दाबून पाहिल्या. "सू, याने मासे पकडायचे का?" माझं सुमन त्याच्या तोंडात बसायचं नाही.

"किलो!" हुलियान म्हणाला. "आमच्याकडे किलो!"

मी जन्मभर साखर किलोनेच आणलेली. पंचवीस दुणे पन्नास, वर पाच. पंचावन्न पाउंड हवे होते.

"दुसरी रॅकेट?" वॉल्टने विचारलं.

"आहे एक, पण तिची तार झिजली आहे. एक सेटसुद्धा टिकणार नाही."

विणलेली तार नंतर ताणता येत नाही, सगळी कापावी लागते. त्याला गटच लागायची. गट म्हणजे आतड्याची तार. कुठल्या जनावराच्या, ते मी कधी विचारलं नाही. दुकानात त्या तारेचा एकच सेट उरला होता.

"वॉल्ट, तुम्ही करा ना."

"माझा हात तुझ्याहून हळू. तूच कर. वाया गेलेल्या सेटचे चाळीस डॉलर तुझ्या पगारातून. हाही तुटला तर ऐंशी. आणि याची मॅच गेली."

मधून सुरुवात करून बाहेरपर्यंत तारा कापल्या. एका बाजूने कापल्या तर फ्रेम वाकते. उभ्या तारा ओढून झाल्या. आडव्या निम्म्या झाल्या, तेव्हा हुलियान समोर येऊन घड्याळ बघू लागला.

"सेन्योरा, प्लीज. प्लीज."

घाईत गट पिळते, पिळली की तुटते.

"गो आउट!" मी म्हटलं. इतक्या मोठ्याने मी घरीसुद्धा बोलले नव्हते. तो मुकाट्याने बाहेर गेला. वॉल्टही दोन पावलं मागे सरला.

शेवटची गाठ मारली तेव्हा लाउडस्पीकरवर त्याचं नाव दुसऱ्यांदा पुकारलं जात होतं. त्याने तारा तळव्यावर आपटल्या, कान देऊन ऐकलं आणि पळाला.

मॅच बघायची हिंमत झाली नाही. आत बसून चेंडूचे आवाज ऐकत राहिले. आवाज थांबला की वाटे, तुटली. तिसऱ्या सेटमध्ये तो फार वेळा थांबला.

मग वॉल्ट दारात आला. "सात-पाच. गेला पोरगा आत."

मुख्य स्पर्धेत हुलियान पहिल्याच फेरीत हरला. पण त्या फेरीचे पैसे मिळाले आणि बेकरी वर्षभर लांबली. जाण्याआधी त्याने दोन्ही रॅकेटी विणायला माझ्याकडे टाकल्या. चिठ्ठीवर २५ च्या पुढे किलो लिहून खाली तीन रेघा ओढल्या होत्या.

बोटांना कळलं की तोंड उघडावं, एवढं मी शिकले. तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचे, "किलो की पाउंड?" टेक्सासची माणसं हसायची. हसू देत.

चाळीस डॉलर मात्र वॉल्टने सोडले नाहीत. आठवड्याला पाच कापले. आठवा हप्ता कापलेलं पाकीट देताना म्हणाला, "सू, फिटले."

मी तिथेच, त्याच्यासमोर, पाकीट मोजून घेतलं.