असोद्याची वांगी, अक्काचं मनगट आणि पुढचा शॉकअप

डोंगरवाटांवर चालवायच्या सायकलला पुढचा शॉकअप किती मिलिमीटर दबणारा घ्यावा, असं या ब्लॉगवर अधूनमधून कुणीतरी विचारतं. ऐंशी की शंभर की आणखी जास्त? याचं उत्तर मला एका वाक्यात देता येतं, पण मग ते कुणी ऐकत नाही. म्हणून असोदा ते पिंपळनेर हा प्रवास सांगतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं, थंडी होती आणि वांग्यांचा हंगाम होता.

माझी मोठी बहीण, आमची अक्का, पिंपळनेरच्या पुढच्या पाड्यांवर आरोग्यसेविका होती. लशींचा डबा कॅरिअरला बांधून ती सायकलनं पाडे फिरायची. आदल्या वर्षी एका नाल्याच्या उतारावर ती पडली आणि उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण दगडांवरून सायकल गेली की हात सुजायचा. डॉक्टर म्हणाले, हादरे बंद करा नाहीतर सायकल बंद करा. ऑफिसनं तिला धुळ्यात टेबलाचं काम देऊ केलं होतं आणि सोमवारपर्यंत हो-नाही कळवायचं होतं. अक्काला टेबल नको होतं. पाडे एकमेकांपासून इतके लांब की पायी एका दिवसात एकच व्हायचा, आणि एस्टी तिकडे जात नव्हती.

आईला मात्र धुळं हवं होतं. मुलगी जंगलात नोकरीला गेली म्हणून ती रुसली होती आणि पिंपळनेरला तिनं अजून पाऊल ठेवलं नव्हतं. "तिले यायचं आसीन तं यील घरी," एवढंच म्हणायची.

माझा शाळेपासूनचा मित्र विलास जहाजावर इंजिनात काम करायचा. त्यानं कुठल्याशा बंदरावरच्या जुन्या सामानाच्या दुकानातून शॉकअपवाले दोन चिमटे आणले. सायकलच्या पुढच्या चाकाला धरणारा भाग म्हणजे चिमटा, हे जळगावात सांगावं लागत नाही, पण वाचक पुण्याचेही आहेत. एक चिमटा त्रेसष्ट मिलिमीटर दबणारा, हाडकुळा. दुसरा शंभरचा, मोटारसायकलचा वाटावा असा. आमच्याकडे एकाच दुकानातून घेतलेल्या दोन सारख्या सायकली होत्या. लेथवाल्याकडून कड्या करून घेऊन त्यांना हे बसवले. ठरलं असं की दोन्ही सायकली पिंपळनेरपर्यंत चालवत न्यायच्या, अक्कानं एक ठेवायची, उरलेली विलासची. मी एस्टीनं परत.

निघताना आई भरिताची वांगी घेऊन आली. आमच्याकडे गावाला निघालेल्या माणसाला रिकाम्या हातानं सोडत नाहीत. त्याला पोत्यानं सोडतात. कॅरिअरला आमचे कपडे होते. मग वांगी दोन पिशव्यांत निम्मी निम्मी भरून हँडलला लटकवली.

"दाबू नको बरं त्याईले," आई म्हणाली. "दाबलं वांगं भरितात काळं निंघते."

विलासनं पिशवीकडे बघितलं, शॉकअपकडे बघितलं आणि म्हणाला, "आपल्याला मोजमाप मिळालं."

म्हणजे ज्या सायकलवरची वांगी गोरी निघतील, ती सायकल अक्काची. दोघे इंजिनीअर एकत्र आले आणि प्रयोगशाळा म्हणून वांगी वापरली, हे आजच्या मुलांना खरं वाटणार नाही. आम्हाला ते फार शास्त्रीय वाटलं होतं. शिवाय शॉकअपच्या आतल्या नळीला एकेक दोरा घट्ट बांधला. चिमटा दबला की दोरा वर सरकतो आणि तिथंच राहतो, त्यामुळे किती दबला ते नंतर दिसतं.

पहिला दिवस एरंडोल, पारोळा, धुळे. रस्ता हमरस्ता, त्यामुळे ट्रकला वाट द्यायला साईडपट्टीच्या खडीवर उतरायचं, परत डांबरावर यायचं, परत उतरायचं. शॉकअपची परीक्षा घ्यायला इतका चांगला हमरस्ता दुसरा नसेल. पारोळ्याच्या अलीकडे एका ढाब्यावर शेवभाजी खाल्ली. तिखट किती, असं विचारायची पद्धत तिकडे नाही. खाऊन झाल्यावर विलास पाण्याचा तांब्या सोडेना, म्हणून मी एकटाच बोललो. शंभरच्या सायकलवर मी राजासारखा बसलो होतो. खड्डा आला की पुढचं चाक त्याला नमस्कार करून निघून जायचं. चढावर मात्र पुढचा भाग उंच असल्यामुळे चाक इकडेतिकडे बघत चालायचं. ते मी विलासला सांगितलं नाही.

धुळ्यात बसस्टँडजवळच्या लॉजवर सायकली खोलीत घ्यायचे वेगळे पैसे मागितले, वांग्यांचे मागितले नाहीत. जाणाऱ्यांसाठी सूचना: तळमजल्यावरची खोली घ्या.

दुसऱ्या दिवशी साक्रीचा रस्ता धरला. कुसुंब्याला चहा घेताना एक म्हातारे आबा सायकलीभोवती दोनदा फिरले.

"हाई सायकलले फटफटीना पाय काबर लायेल शेतस?" त्यांनी विचारलं.

"बहिणीचा हात दुखतो, आबा. हादरे बसू नयेत म्हणून."

"मंग हाथले पाय लावाले पाहिजे," आबा म्हणाले आणि चहा प्यायला लागले. आम्ही त्यावर साक्रीपर्यंत विचार केला. काही हाती लागलं नाही.

पिंपळनेरला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. अक्का दारातच होती. तिनं आधी वांग्यांच्या पिशव्या घेतल्या, मग आमच्याकडे पाहिलं. अंगणात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवल्या. मी दोन्ही पिशव्यांची वांगी वेगवेगळी भाजायला लावली. असं करायचं कारण सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आईला कळलं तर ती तुम्हाला भाजेल."

साली निघाल्या. त्रेसष्टच्या पिशवीतली बरीचशी वांगी आतून डागाळलेली. शंभरची स्वच्छ, लोण्यासारखी. मी विलासकडे पाहिलं, विलासनं मान डोलावली. भरीत, कळण्याची भाकरी, कांद्याची पात, आणि एकमतानं ठराव: शंभर. अक्का डाव्या हातानं भाकरी मोडत होती. उजवा मांडीवर होता, ते मी पाहिलं आणि ठराव झाल्याचं मला जास्तच बरं वाटलं.

रविवारी सकाळी ती शंभरवर, मी त्रेसष्टवर, असे पाड्याच्या वाटेला लागलो. विलास घरी झोपला. चढावर तिचं पुढचं चाक भटकायला लागलं. लशींच्या डब्यानं मागची बाजू जड, पुढे हलकी अक्का आणि उंच चिमटा. चाक जमिनीवर टेकवायला तिला हँडलवर ओणवं व्हावं लागत होतं. मग तो नाल्याचा उतार आला, जिथं ती पडली होती. ती उतरली नाही. दगडांवरून थडथडत खाली गेली, ब्रेक लावला, सायकल माझ्याकडे दिली आणि उजवं मनगट डाव्या मुठीत धरून एका दगडावर बसली.

"हे तर आधीसारखंच आहे रे," ती म्हणाली.

गेले दोन दिवस मी त्याच सायकलवर राजा होतो.

"जाऊ दे," ती म्हणाली. "उद्या धुळ्याला हो कळवते. तुम्ही एवढं केलंत, खूप झालं." तिचा आवाज अगदी साधा होता आणि मला रडू येईल असं वाटलं. नाल्यापलीकडे पाडा दिसत होता. ती तिकडे बघत नव्हती.

काहीतरी करायचं म्हणून मी दोरा पाहिला. माझ्या वेळी तो नळीच्या टोकापर्यंत जायचा. आज दोन बोटं सरकला होता. शंभरातले जेमतेम तीस मिलिमीटर. चिमटा तिला ओळखतच नव्हता.

"अक्का, तुझं वजन किती?"

"शेहेचाळीस. का?"

"माझं नव्वद. वर हँडलला वांगी."

तिनं मनगट सोडलं नाही, पण मान वर केली. ती रोज बाळांना वजनकाट्यावर ठेवायची आणि वजन बघून औषध द्यायची.

"म्हणजे स्वतःच्या वजनाचा डोस मला दिलास," ती म्हणाली. "आणि तो चाखून बघितला वांग्यांनी."

मग आम्ही सायकली बदलल्या. डबा त्रेसष्टच्या कॅरिअरला बांधला. त्या हाडकुळ्या चिमट्याच्या आत रबराचे मऊ ठोकळे होते. माझ्याइतक्याच वजनाच्या विलासखाली ते पार बसायचे आणि पुढचा धक्का सरळ वांग्यांना. मी दोरा खाली आणला. ती सायकल घेऊन नाल्याच्या वर परत चालत गेली आणि त्याच दगडांवरून खाली आली. दोरा जवळजवळ टोकाला लागला होता, पण आपटला नव्हता. मी हाताकडे बघत राहिलो. तिनं मूठ उघडली, मिटली, परत उघडली.

"चल," ती म्हणाली, "बाया वाट बघत असतील." आणि नाला ओलांडून चढाला लागली. पुढचं चाक सरळ जात होतं. मी शंभर ढकलत मागून गेलो, कारण मला दम लागला होता.

सोमवारी तिनं ऑफिसला नाही कळवलं. शंभरची सायकल विलास घेऊन गेला. त्याचं वजन जहाजावरच्या जेवणामुळे त्या चिमट्याला साजेसं होतं.

तर वाचकहो, किती मिलिमीटर? आधी वजन करा, मग वाट बघा, मग दोरा बांधा. कागदावरचे शंभर नाही, तुमच्याखाली दबतात तेवढेच तुमचे. आणि परीक्षा ज्याला चालवायची आहे त्यानं द्यावी, भाऊ-मित्र-वांगी यांनी नाही.

मी एस्टीनं परतलो. असोद्याच्या घरी आई शेंगा निवडत बसली होती. पाणीही विचारायच्या आधी म्हणाली, "हात?"

"बरा आहे. सायकल जमली तिला."

"मंग धुळ्याले?"

"नाही म्हणाली."

मला अक्कासाठी आनंद होता आणि आईचं तोंड बघवत नव्हतं. ती शेंगा निवडत राहिली. मी चपला काढून हातपाय धुतले. आत जाणार तेवढ्यात तिनं विचारलं, "एस्टीले राह्यते का रे असा शॉकअप?"

"असतो म्हणायला. जाणवत नाही. का?"

"काही नही." तिनं सूप बाजूला ठेवलं आणि पदर झटकला. "वांगी मी मांडीवर घेईन."