मारेकऱ्याची डबी

भिंगाखाली मुंगीहूनही लहान अशी एक परदेशी माशी पपईवरच्या पिठ्या ढेकणावर चढली आणि शेपटाकडची अंडं घालायची सुई तिने त्याच्या पाठीत खुपसली. त्याने पाय झाडले. तिने पुन्हा खुपसली. आता तिची अळी त्याला आतून जिवंतपणी खाईल आणि माशी होऊन त्याचं कातडं फोडून बाहेर पडेल.

ही ढेकणाची कीड सातासमुद्रापलीकडून आली, तेव्हा तिला कुणी परवाना विचारला नाही. तिचा मारेकरी आणायला मात्र आम्हा कीटकशास्त्रज्ञांना शिक्क्यांवर शिक्के लागले. मी कधीही न पाहिलेल्या तिथल्या एका संशोधक बाईंनी या माश्या डबीत घालून पाठवल्या, तर निम्म्या विमानतळावरच तपासणीची वाट बघत गुदमरून मेल्या. आठवलं की अजून माझं टाळकं सणकतं.

या किडीने पपईची बाग वाळून गेलेल्या कौसाबाई भिंगाला डोळा लावून बसल्या होत्या. "मार मेल्याला!" त्या दात खाऊन म्हणाल्या. मग टेबलावरची डबी उचलून त्यांनी विचारलं, "ही त्या बाईला रिकामीच धाडणार?"

शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नसतो, हे मी विसरलेच होते.

"आपलीबी एखादी कीड तिकडं गेली असंलच की, मॅडम. तिचा मारेकरी घाला हिच्यात."