ऑपरेटरची बायको

माझी आत्या कपडे शिवायची. बसस्टँडमागच्या गल्लीत, जिन्याखालच्या एवढ्याशा खोलीत तिचं मशीन, कापायचं टेबल आणि एक उभा आरसा. माप द्यायला कुणी आत आलं की दुसऱ्याने बाहेर उभं राहायचं, इतकीच जागा. हात तिचा सफाईदार, तरी गल्लीत तिची ओळख एकच : ऑपरेटरची बायको.

तिचा नवरा समोरच्या टॉकीजमध्ये प्रोजेक्टर चालवायचा. अंगाने काटकुळा, बोलायला गोड आणि कामात वेंधळा. कधी रीळ उलटं चढवायचा, मग पडद्यावरची माणसं पाठमोरी पळत आपापल्या घरात शिरायची. मालक डाफरायचा, पब्लिक मात्र शिट्ट्या मारायचं.

त्या वर्षी लोक रस्त्यावर उतरले. आधी विद्यार्थी, मग कारखान्यातले कामगार, मग नर्सेस आणि शेवटी आमच्यासारखे, ज्यांनी जन्मात कधी घोषणा दिली नव्हती. मोठ्या चौकात सगळ्यांनी ठाण मांडलं. सरकार आज पडतंय, उद्या पडतंय, असं जो तो म्हणायचा. शाळा बंद, त्यामुळे मीही आत्याचा पदर धरून तिथेच.

एके दिवशी ऑपरेटर म्हणाला, "एवढी माणसं नुसती बसून कंटाळतील गं. आपण सिनेमा दाखवू."

"आणि पडदा? तुझ्या सदऱ्याचा करू?"

पण दुपारपर्यंत तिने घरोघरच्या चादरी गोळा केल्या आणि संध्याकाळी पडदा शिवून तयार! एका चादरीवर शाईचा डाग होता. तो नेमका नायिकेच्या गालावर यायचा आणि ती रडायला लागली की अख्खा चौक खदखदून हसायचा. अनोळखी बायका आत्याला हाक मारून शेजारी बसवून घ्यायच्या. "माझ्या लग्नात हसले नसेन इतकी त्या दिवसांत हसले," असं ती पुढे कितीदा तरी म्हणाली.

मग एका दुपारी सैन्य आलं. आत्या आणि मी दुकानात होतो. पत्रे कोसळावेत तसे आवाज आले. पाठोपाठ माणसं धावत गल्लीत शिरली. कुणाच्या पायात चप्पल नाही, कुणाचा सदरा फाटलेला. त्यांत ऑपरेटर नव्हता. एक जण म्हणाला, तो प्रोजेक्टर उचलायला मागे वळला. दुसरा म्हणाला, पडलेल्या म्हाताऱ्याला उठवत होता. आत्याने दोन्ही खरं मानलं. "दोन्ही केलं असेल त्याने. एक काम धड करायचा कुठे!"

देह मिळाला तो अटीवर. फक्त घरची माणसं, गर्दी नाही, रडारड नाही. शेवटपर्यंत एक पोलीस आमच्यासोबत उभा होता. आत्याच्या तोंडून हुंदकाही फुटला नाही.

घरी आल्यावर वडिलांनी दार लावून घेतलं. "ताई, कुणी विचारलं तर अपघात म्हण. घरात लेकरं आहेत."

"तू म्हण. मला जमणार नाही."

आणि खरंच, दुकानात कुणी विचारलं की ती सुईत दोरा ओवता ओवता सांगायची, "गोळी लागली." गिऱ्हाईकं रोडावली. काही बायका अंधार पडता पडता येऊन ब्लाऊज टाकून जायच्या. तेव्हा वडिलांचा मला राग यायचा. आता येत नाही. तेही घाबरलेले होते.

वर्षं गेली. सरकारं बदलली, जिभा जरा सैल झाल्या. कॉलेजातली दोन मुलं रेकॉर्डर घेऊन आत्याकडे आली. ती त्यांना उलट्या रिळांचं सांगत बसली. शेवटी त्यांतली मुलगी चुळबुळली. "आजी, गोळीबाराचं सांगा ना."

"ते तुला शंभर जण सांगतील, बाळ. माणूस कसा होता ते सांगणारी मी एकटीच उरलेय."

मुलं गेल्यावर ती मला म्हणाली, "मला चौकात ने."

त्या दुपारनंतर तिने तिकडे पाऊल टाकलं नव्हतं. चौकात आता कारंजं होतं, काचेची दुकानं होती. आत्या कारंज्याच्या कठड्यावर टेकली, तोच रखवालदार आला. तिच्याच वयाचा असेल.

"बाई, इथे बसायला मनाई आहे."

"माझा नवरा गेला तो इथेच. जरा बसते आणि उठते."

तो गेला आणि आपल्या केबिनमधली खुर्ची घेऊन आला. आत्याला तीत बसवून स्वतः कठड्यावर बसला.

"माझा थोरला भाऊ," तो म्हणाला. "पलीकडे, त्या दिव्याच्या खांबापाशी."

"काय करायचा?"

"पेंटर होता. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. गायचा फार, पण सूर म्हणाल तर नावाला नाही."

"आणि तुम्ही ऐकून घ्यायचात?"

"न ऐकून करतो काय? एकाच खोलीत झोपायचो!"

आत्या हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून वाहायला लागले. तिने ते पुसले नाहीत. रखवालदाराने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि भावाचं आणखी काही सांगू लागला. मी जरा लांब जाऊन उभी राहिले. दुकानं बंद व्हायला लागली, तरी दोघांचं बोलणं चालूच होतं.