चार्जरसकट गेलेली गाडी

ती घटना मी विसरलेलो नाही, आणि विसरावी असं मला वाटतही नाही. निवृत्तीपूर्वीची माझी शेवटची नेमणूक दौंड तालुक्यात, पुणे–सोलापूर महामार्गावरच्या एका पोलीस ठाण्यात होती. नावं कुणाचीच देत नाही.

एका शनिवारी सकाळी हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी पाहत होतो, तेव्हा वरवंडकडचे बापलेक आले. मुलगा तिशीतला, शेती औजारांचं दुकान चालवणारा. वडील बागायतदार, सोसायटीत वजन असलेले. त्यांना सगळा गाव आप्पा म्हणे. आदल्या दिवशी सकाळी मुलगा कामासाठी पुण्याला गेला असताना घरामागच्या शेडमधून त्याची मोटारसायकल चोरीला गेली होती.

गाडीचोरी आम्हाला नवी नव्हती, पण ही गाडी वेगळी होती. कंपनीनं मोजकेच नग काढलेली स्पोर्ट बाइक, इंजिन मधल्या ताकदीचं, पांढऱ्या अंगावर निळा-लाल पट्टा. हँडलजवळच्या पट्टीवर तिचा स्वतःचा क्रमांक कोरलेला. रविवारी सकाळी यवतजवळच्या एका ढाब्यावर पुण्याचे रायडर चहाला थांबत, मुलगाही तिथं जाई. त्यांत हिच्यापेक्षा मोठ्या, महागड्या गाड्या असत, तरी गर्दी हिच्याभोवती होई. सांगताना मुलगा मोबाइलवर तिचे फोटो दाखवत होता. आप्पा शेजारी गप्प बसून होते. वयामुळे असेल, असं मी धरून चाललो.

गुन्हा दाखल केला, शेडचा पंचनामा केला. गाडीबरोबर तिचं कव्हर, मागचं चाक उचलून धरायचा स्टँड आणि बॅटरीचा चार्जरही गेला होता. हवालदारानं ते सगळं पंचनाम्यात लिहिलं. मी सही केली आणि त्यावर विचार केला नाही.

रविवारी ढाब्यावरच्या आमच्या खबऱ्याचा फोन आला. "शिरूरकडच्या एका कारखान्यातला गडी हाय, साहेब. दर रविवारी येतो. सोताची गाडी साधीच, पन त्या गेलेल्या गाडीपाशी गुडघ्यावर बसून फोटू काढतो. इकता का, म्हणून दोनदा इचारलंबी त्यानं. आज काय आला न्हाई."

मला एवढं पुरेसं वाटलं. सोमवारी दुपारी आम्ही शिरूर तालुक्यातल्या त्या कारखान्यावर गेलो. हा माणूस तिथं ठेकेदाराकडून मशीन ऑपरेटर म्हणून लागलेला होता. पहिली शिफ्ट सुटत होती. दोन-तीनशे कामगार गेटमधून बाहेर येत होते, बसची वाट बघत उभे होते. त्या सगळ्यांच्या देखत मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला जीपमध्ये बसवलं. कुणीतरी मागून ओरडलं, "काय रे, काय केलंस?"

पस्तिशीचा, सडपातळ माणूस. घरचे पूर्वी मेंढपाळ, आता थोडी जिरायत जमीन. त्याच्या फोनमध्ये त्या गाडीचे पन्नासेक फोटो निघाले. कोरलेला क्रमांकसुद्धा जवळून टिपलेला. मी फोन टेबलावर आपटला.

"हे कशाला?"

"बघायला, साहेब."

"रोज?"

"व्हय. जेवणाच्या सुट्टीत."

"एका गाडीत एवढं काय आहे?"

तो पहिल्यांदाच सावरून बसला. "सरळ रस्त्याला कुठलीबी गाडी पळती, साहेब. मोठी गाडी तर उधळतीच. ही वळणात कळती. हलकी हाय, अंगाबरोबर वाकती. तिच्या मालकानं एकदा मला ढाब्यापासून कासुर्डीपतूर चालवायला दिली होती. तवापासून डोक्यातनं जाईना."

"म्हणून उचललीस."

"उचलून करू काय? नंबर कोरलाय तिच्यावर. अशा गाडीचे मालक एकमेकांना वळखत्यात. रस्त्यावर काढली की दुसऱ्या दिवशी फोटू सगळीकडं."

दोन तास मी तेच तेच प्रश्न फिरवून विचारले. उत्तर बदललं नाही. शेवटी त्यानंच विचारलं, "साहेब, अजून काय काय गेलं?"

मी पंचनामा वाचून दाखवला. त्यानं शेवटची ओळ पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाला, "चोर चार्जर न्हेत न्हाई. त्याला घाई असती. चार्जर न्हेला म्हंजी गाडी बरेच दिवस उभी करायची हाय, आन् बॅटरी उतरू द्यायची न्हाई. हे घरातलं कोणतरी हाय, साहेब. आन् तिचा जीव राखणारं हाय."

पंचनाम्यावर माझी सही होती, आणि त्यातली गोष्ट मला संशयित समजावून सांगत होता. मी कारखान्यात फोन लावला. शुक्रवारी पहिल्या शिफ्टला तो मशीनवर होता. हजेरीच्या यंत्रात नोंद होती. हा फोन मी त्याला उचलण्याआधी करायला हवा होता. मी त्याला घरी सोडलं.

दुसऱ्या दिवशी मी वरवंडला गेलो. मुलाला दुसरी चावी दाखवायला सांगितलं. कपाटात ती नव्हती. मुलगा गोंधळून आईकडे बघत होता. आई आप्पांकडे बघत होती. मी मुलाला बाहेर थांबायला सांगितलं.

"आप्पा, गाडी कुठंय?"

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मेव्हण्याकडं. कांद्याच्या चाळीत. पिकअपमधी घालून मीच न्हेली."

"का?"

"माझा पुतण्या असाच गाडीवरनं गेला, साहेब. कासुर्डीच्या पुढं. मीच आणला त्याला ससूनमधनं. आता ह्यो रविवारी भाईर पडला की माझ्या गळ्याखाली घास उतरत न्हाई. जाळून टाकावी वाटली. पन पोरानं पुसून पुसून जपलेली. हात धजला न्हाई."

मुलगा दारातच उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. "आप्पा, मला सांगायचं तरी."

"दोन वर्सं सांगतोय. तू हेल्मेट घालत हुतास, तुला कुठनं ऐकू जाईल?"

मुलगा खाली बसला आणि रडायला लागला. आप्पांना काय करावं कळेना. ते नुसतेच त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिले.

मेव्हण्याच्या त्या चाळीत, शिरूर तालुक्यातच, गाडी सापडली. कव्हर घातलेली, मागचं चाक स्टँडवर, चार्जरचा हिरवा दिवा चालू. मुलानं गैरसमजातून तक्रार झाल्याचा जबाब दिला. आम्ही 'क' समरी, म्हणजे गैरसमजातून गुन्हा नोंदला गेल्याचा अहवाल, पाठवली, न्यायालयानं ती मंजूर केली आणि गाडी मुलाच्या ताब्यात गेली. त्यानं ती विकली नाही. महामार्गावर मात्र पुन्हा नेली नाही. वडिलांनी तेवढंच मागितलं होतं.

माझ्या दृष्टीनं तपास संपला होता. पंधरा दिवसांनी तो ऑपरेटर जमा केलेला फोन न्यायला आला. मी सहज विचारलं, "काम कसं चाललंय?"

"काम न्हाई आता. ठेकेदार म्हणला, पोलिसांनी उचललेला मानूस नको."

दुसऱ्या दिवशी मी गणवेशात त्या कारखान्यात गेलो. अधिकाऱ्यांना आणि ठेकेदाराला सांगितलं की हा माणूस निर्दोष आहे. एवढंच नाही, तपास त्याच्यामुळे लागला. तसं पत्रही दिलं. त्यांनी चहा पाजला. त्याला कामावर परत घेतलं, पण दुसऱ्या खात्यात, कमी कौशल्याच्या जागेवर.

ते सांगायला मी त्याच्या घरी गेलो. माझी चूक झाली, हेही म्हणालो. त्यानं बसायला खुर्ची दिली. राग दिसत नव्हता.

"तुम्ही आलात हे लई झालं, साहेब," तो म्हणाला. "पन तवा सगळ्या शिफ्टनं बघितलं. आज तुम्ही चांगलं बोलताय, तर कोणच न्हाई ऐकायला."

चोरी झाली की आम्ही आधी विचारतो, ती वस्तू कुणाला हवी होती. त्या माणसाला ती हवी होती, हे त्यानं कधी लपवलं नव्हतं, म्हणून तो सापडायला सोपा होता. ती कुणाला नको होती, हा प्रश्न मला सुचला नाही. उरलेल्या नोकरीत मी संशयिताला कधीही चारचौघांत उचललं नाही. साध्या वेशात जायचो, बाजूला बोलवायचो. कनिष्ठांना ही ढिलाई वाटे. त्यांना मी कारण सांगत नसे. सांगायचं तर मला माझं त्या गेटवरचं वागणं सांगावं लागलं असतं. आज सांगितलं.